फाटकासमोरचं पाणी आणि भूगोलाचा तास

वाचकाचं पत्र

मी आठवीला भूगोल शिकवते. वर्गात ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. परिसरातला एखादा प्रश्न हाताशी घेऊन भूगोल शिकवावा, मुलांना जबाबदार नागरिक होण्याची सवय लावावी, असं अभ्यासक्रमातच म्हटलंय. म्हणून गेल्या वर्षी शाळेच्या फाटकासमोर पाणी तुंबतं हा विषय घेतला. पोस्टरं झाली, फेरी निघाली, घोषणा दिल्या, फोटो काढले. पुढे परीक्षेत ‘पाणी नेमकं इथेच का तुंबतं?’ असं विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी ‘लोक कचरा टाकतात म्हणून’ एवढंच लिहिलं. पाणी अजून तुंबतंच. यंदा मुख्याध्यापक म्हणतात, हे सगळं राजकारणाकडे झुकतं, त्यापेक्षा धडे पूर्ण करा. मला विषय सोडवत नाही. काय बदलू?

उत्तर

विषय सोडू नका आणि जागाही बदलू नका. फाटकासमोरचं पाणी हा भूगोलासाठी फार चांगला विषय आहे. उतार, पाऊस, जमिनीचा पोत, माणसाचं बांधकाम आणि कारभार, सगळं त्या एका डबक्यात येऊन मिळतं. गाडं अडलं ते क्रमात. ‘लोक कचरा टाकतात म्हणून’ हे उत्तर चूकच असेल असं नाही, पण ते द्यायला फाटकापर्यंत जायची गरज नव्हती. मुलांनी पोस्टरं रंगवायला घेतली तेव्हाच उत्तर ठरून गेलं होतं, मग शोधायला काही उरलंच नाही. यंदा आधी मोजायचं, मग बोलायचं.

पहिल्या तासाला प्रश्न बारीक करून घ्या. ‘पाणी का तुंबतं?’ हा प्रश्न मुलांना पेलणारा नाही. त्याऐवजी असं लिहा: किती पाऊस झाला की फाटकासमोर घोट्याएवढं पाणी साचतं? ते कोणकोणत्या बाजूंनी येतं? पाऊस थांबल्यावर ओसरायला किती वेळ लागतो? यातल्या प्रत्येक प्रश्नाला आकडा किंवा नकाशा हेच उत्तर आहे आणि ते आज तुम्हालाही ठाऊक नाही. ही दुसरी गोष्ट फार मोलाची. बाईंनाच उत्तर माहीत नाही हे कळलं की मुलं वेगळ्याच नजरेनं काम करतात.

नकाशा लहान ठेवा. ए-३ कागदावर १:५०० प्रमाण घेतलं, म्हणजे १ सेंटिमीटरला ५ मीटर, तर साधारण २०० मीटर लांब आणि १५० मीटर रुंद एवढा परिसर मावतो. तेवढा पुरे. खाली घालायला आराखडा हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवरून घेता येतो. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे आणि कोणालाही फुकट वापरता येतो. पण तो छापून मुलांच्या हातात देऊन थांबू नका. गटारं, जाळ्या, फुटपाथची उंची, कुंपणाच्या भिंतीतली भोकं यांतलं बहुतेक त्यावर सापडणार नाही. ते मुलांनीच भरायचंय. अंतरासाठी पावलं मोजू द्या. ५० मीटरची टेप पसरायची, प्रत्येकानं तीनदा नेहमीच्या चालीनं जायचं, सरासरी काढायची आणि आपल्या एका पावलाचं माप वहीत लिहून ठेवायचं. मोबाइलवर भिस्त ठेवू नका. मोकळ्या आकाशाखालीही त्याची जागा पाचेक मीटर इकडेतिकडे होते, इमारतींच्या मध्ये त्याहून जास्त. जाळी आणि डबकं यांच्यात तीन मीटरचंच अंतर असेल तर मोबाइल त्यांची अदलाबदलसुद्धा करून टाकेल. उंचीच्या बाबतीत तर तो अजिबात कामाचा नाही.

उंचीसाठी गवंड्यांची लेव्हल ट्यूब वापरा. या सगळ्या उपक्रमात इतकं स्वस्त आणि इतकं शिकवणारं दुसरं साधन नाही. १० मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, आतला व्यास १० मिलिमीटरच्या आसपास. एक टोक उंचावरच्या बादलीत बुडवून, दुसऱ्या टोकानं पाणी खेचून ती भरा. पाण्यात शाईचे दोन थेंब टाका म्हणजे पातळी लांबूनही दिसते. दोन्ही टोकांना हातभर पोकळी राहू द्या. मग दीड-दीड मीटरच्या दोन पट्ट्यांना टोकं बांधा आणि ५ मीटरच्या अंतरानं दोन मुलांना उभं करा. दोन्ही पट्ट्यांवरच्या पाण्याच्या रेघेतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. ज्या पट्टीवर आकडा मोठा, ती जागा खोल.

चुका होतात त्या ठरलेल्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा साफ चुकतो, म्हणून आधी नळी उजेडाकडे धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. टोकाला अंगठा लावून चालत जायचं, पण वाचताना दोन्ही अंगठे काढायचे. एकानं विसरून ठेवला तर पाणी सरकतच नाही. पाणी हलायचं थांबल्यावर, डोळा रेघेच्या समोर आणून, वक्राच्या तळाशी वाचायचं. आणि शेवटी, जिथून निघालो तिथेच परत येऊन पोचायचं. सगळे चढउतार मिळवले की बेरीज शून्य यायला हवी. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक चालेल, ५ सेंटिमीटर आला तर पुन्हा मोजा. ६० मीटरच्या फेरीत ५-५ मीटरचे १२ टप्पे होतात. हात बसला की एका टप्प्याला तीन मिनिटं लागतात, म्हणजे जोडतास हवाच. त्याआधी एक तास शाळेच्या व्हरांड्यात सराव करून घ्या, नाहीतर रस्त्यावर अर्धा वेळ नळी भिजवण्यातच जाईल.

हे एवढ्या बारकाईनं सांगायचं कारण असं की उत्तर बऱ्याचदा याच आकड्यांत दडलेलं असतं. गटाराची जाळी एका जागी असते आणि रस्त्याचा सर्वांत खोलगट बिंदू तिच्यापासून चार पावलांवर. कधी रस्त्यावर थरावर थर चढतात आणि पाणी ज्या बाजूला जायचं ती बाजूच उलटते. खोलगट जागा जाळीपेक्षा ४ सेंटिमीटर खाली असेल, तर जाळी कितीही साफ ठेवा, तेवढं पाणी तिथेच थांबणार. डोळ्यांना हे दिसत नाही, नळीला दिसतं.

आता पाऊस. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरा आणि ती रेघ शून्य धरा. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली मोकळ्यावर ठेवायची. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोजचा पाऊस एका ठरलेल्या वेळी वाचायचाच, पण तुमच्या प्रश्नाला रोजची बेरीज पुरत नाही. २० मिलिमीटर पाऊस एका तासात पडला तर फाटकासमोर तळं होतं, तोच दिवसभर रिमझिम पडला तर काहीच होत नाही. म्हणून सर सुरू कधी झाली, थांबली कधी आणि थांबल्यावर बाटलीत किती, या तीन नोंदी हव्यात.

साचलेल्या पाण्याची खोली मात्र पाण्यात उतरून मोजायची नाही, यात काही सवलत नाही. तुंबलेल्या पाण्याखाली झाकण निघालेलं गटार असू शकतं, विजेची तार असू शकते. कोरड्या दिवशी नळीनं खोलगट बिंदू शोधून, त्याच्या जवळच्या शाळेच्या भिंतीवर ५-५ सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवा. पावसात ते फाटकाच्या आतून किंवा वरच्या खिडकीतून वाचायचे. पाऊस थांबल्यावर दर १५ मिनिटांनी एक वाचन, पाणी ओसरेपर्यंत. बाहेरच्या कोरड्या दिवशीच्या कामालाही आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस, ठळक रंगाची जॅकिटं आणि पालकांची लेखी परवानगी ठेवा.

नोंदवहीत एक चूक हमखास होते: पाणी तुंबलं त्याच दिवशी नोंद होते. पाऊस पडला पण पाणी साचलं नाही, तो दिवस वहीत रिकामा राहतो. मग किती पावसानंतर पाणी साचायला लागतं हे कधीच कळत नाही. ‘पाऊस ८ मिलिमीटर, पाणी ०’ ही नोंद ‘पाणी १५ सेंटिमीटर’ या नोंदीइतकीच महत्त्वाची, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा. सहा आठवडे हे चाललं की आलेख काढा, आडव्या रेघेवर पाऊस, उभ्यावर पाण्याची खोली. ठिपके एका रांगेत बसणार नाहीत, आणि तेच हवंय. सारखाच १५ मिलिमीटर पाऊस, एका दिवशी तळं, एका दिवशी काही नाही. का? सर जोराची होती का? आदल्या दिवशीच्या पावसानं मैदान आधीच भिजून तृप्त होतं का? जाळीवर पानं अडकली होती का? ही चर्चा सुरू झाली की समजा भूगोल सुरू झाला. त्या तासाला धडा बाजूला ठेवा.

न जुळणारा ठिपका किती बोलका असतो याचं एक जुनं उदाहरण मुलांना जरूर सांगा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरनं मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. पण त्याच्या म्हणण्याला बळ आलं ते अपवादांनी. पंपाच्या अगदी जवळ असलेल्या गरिबांच्या कामगृहात फार कमी माणसं दगावली, कारण तिथे स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगारही वाचले. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरायला लागली होती हेही मुलांना सांगा, नाहीतर एका नकाशानं साथ थांबवली अशी गोष्ट तयार होते. पुराव्याच्या बाबतीत आपणच सैल राहिलो तर मुलांकडून काय अपेक्षा करणार?

माणसांशी बोलण्याचं काम एका-दोन गटांना द्या. ‘इथे पाणी तुंबल्यामुळे तुम्हाला त्रास होतो ना?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा नकाशा पुढे धरा आणि विचारा: मागच्या मोठ्या पावसात तुम्ही इथून कसे गेलात? बोटानं दाखवाल? पेन्सिलनं ती वाट काढायची. २५-३० जणांच्या वाटा एकाच नकाशावर आल्या की दिसतं, कोण वळसा घालतं, कोण रस्त्याच्या मधून चालतं, आणि काठी टेकत येणारी आजी किंवा चाकाच्या खुर्चीतला माणूस त्या दिवशी बाहेरच पडत नाही. फक्त शाळा सुटायच्या वेळी विचारलंत तर सगळे पालकच भेटतील, म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेळा ठेवा. नावं, घराचे क्रमांक, चेहऱ्यांचे फोटो घ्यायचे नाहीत. कचऱ्याचे ढीग नकाशावर दाखवायचे तर घराघरावर ठिपका नको. रस्त्याचे २०-२० मीटरचे तुकडे पाडून तुकड्यागणिक रंग भरा. एखाद्या कुटुंबाच्या दारात ठिपका पडला की तो आरोप होतो. त्याच घरातलं मूल तुमच्या वर्गात असू शकतं.

आता सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग: पाणी येतं कुठून? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एवढं एक सूत्र मुलांना दिलं की पुढचं तीच करतील. शाळेचं छत मोजायला लावा. समजा ६०० चौरस मीटर निघालं. २० मिलिमीटर पावसात त्यावर १२,००० लिटर पाणी पडतं, थोडं भिजण्यात-उडण्यात गेलं तरी १०,००० लिटरच्या वर खाली येतं. छताचे पाइप कुठे सुटतात? मुलांना एकेका पाइपचा माग काढू द्या. तो फाटकाच्या दिशेनं सुटत असेल, तर ज्या पाण्याविरुद्ध गेल्या वर्षी फेरी निघाली त्यातलं बरंचसं शाळेचंच होतं. हे मुलांना स्वतःच्या गणितातून कळू द्या, आधी बोलू नका. मैदानावर फरशी किंवा काँक्रीट घातलं असेल तर तेही मोजा. अशा पृष्ठभागावरून दहातला आठ-नऊ हिस्से पाऊस वाहून जातो, गवताच्या मऊ जमिनीवरून एक ते तीन हिस्से.

दुसरा प्रश्न तितकाच टोकदार: हे पाणी काढून दिलं तर जाईल कुठे? ‘मोठं गटार बांधा’ ही मागणी सगळ्यांना सुचते. पण पाणी उताराला लागून पुढे जातं, आणि पुढे कोणाची तरी वस्ती असते. मुलांनी नळी घेऊन निदान १०० मीटर खाली जाऊन बघावं. आपलं डबकं दुसऱ्याच्या दारात ढकलायचं का, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर खरा वाटतो. मग पाणी आपल्याच आवारात मुरवता येईल का, छताचं पाणी टाकीत घेता येईल का, असे वेगळे पर्याय आपोआप निघतात.

दाद कोणाकडे मागायची, हे ठरवायलाही एक आकृती लागते. रस्त्याचा आडवा छेद काढा, शाळेच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. समजा १२ मीटर. प्रत्येक मीटरखाली लिहा, ही जागा कोणाच्या ताब्यात आणि तिची देखभाल कोणाकडे: शाळेचा उंबरठा, फुटपाथ, गटार, डांबरी रस्ता, विजेचा खांब, पलीकडची खासगी जागा. पुष्कळदा गटार एका खात्याकडे आणि त्यावरचा फुटपाथ दुसऱ्याकडे असतो, आणि तक्रार चुकीच्या टेबलावर जाऊन पडून राहते. नागरिकशास्त्राच्या धड्यातली खाती इथे पहिल्यांदा जमिनीवर दिसतात.

मग पत्र. एका पानाचं, एकाच मागणीचं, सोबत नकाशा आणि आलेख. ‘समस्येकडे त्वरित लक्ष द्यावे’ असल्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘आम्ही सहा आठवडे नोंदी घेतल्या. पावसाच्या इतक्या दिवसांपैकी इतक्या दिवशी पाणी १० सेंटिमीटरच्या वर गेलं. नकाशातल्या क या जागेची जाळी खोलगट बिंदूपेक्षा इतक्या सेंटिमीटरनं वर आहे. ती पाहायला कोणी येऊ शकेल का? आमच्या छताचे दोन पाइप आम्ही वळवत आहोत’ अशा पत्राला उत्तर देणं सोपं जातं. शेवटच्या वाक्याचं वजन मोठं आहे. आपल्या वाटचं काम करून मग मागायला गेलेलं बरं. पत्राची पोच घ्या, तारीख वहीत लिहा, तीन आठवड्यांनी स्मरणपत्र द्या. उत्तर आलं नाही तर तीही नोंदच आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे त्यांचा विरस होणार नाही.

मुख्याध्यापकांची भीती उडवून लावू नका. पोस्टर मोठ्यांनी ठरवायचं, मुलांनी ते हातात धरून उभं राहायचं, तर कोणीही म्हणेल की मुलांना वापरलं. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर, सजावट आणि नावापुरता सहभाग, यांना ते सहभाग मानतच नाहीत. गेल्या वर्षीची फेरी या तिन्हींच्या आसपास होती, हे मान्य करूनच त्यांच्याशी बोला. यंदा निष्कर्ष मुलांचे, तेही मोजून काढलेले, आणि दोन गटांचे निष्कर्ष वेगळे निघाले तर दोन्ही मांडले जातील, हे लेखी द्या. कोणत्याही पक्षाचं नाव, निवडणूक, सत्कार यांच्या जवळपास हा उपक्रम जाणार नाही, हेही लिहा. वाटल्यास सोबत जोडा की १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम, आपल्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क मान्य करतं. आणि धड्यांचं म्हणाल तर प्रमाण, समोच्चरेषा, पर्जन्यमान, अपवाह, भूमी उपयोजन हे सगळं यातच शिकवून होतं. धड्यांची यादी आणि उपक्रमाचे तास समोरासमोर मांडून दाखवा, १२ तासांत बसतं.

मुलांची मोजणी कोण गंभीरपणे घेणार, असाही आक्षेप येईल. १९३० च्या दशकात डडली स्टॅम्प या भूगोलतज्ज्ञानं ब्रिटनच्या जमिनीच्या वापराचा नकाशा करायला घेतला तेव्हा शेताशेतावर जाऊन नोंदी करणाऱ्यांत शाळकरी मुलं फार मोठ्या संख्येनं होती. जंगलाला एक अक्षर, गवताला एक, पेरलेल्या जमिनीला एक, अशी मोजकी खूण होती म्हणून ते जमलं. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्य वाढवायची वेळ आली तेव्हा तेच नकाशे कामी आले. खुणा थोड्या आणि पक्क्या, हा धडा तुमच्या नकाशालाही लागू आहे. सहाच्या वर चिन्हं नकोत.

गुण देताना जाळी बदलली की नाही हे बघू नका, ते मुलांच्या हातात नाही. १० गुण असतील तर ४ नोंदवहीला (शून्याच्या नोंदींसकट), ३ नकाशाला, २ न जुळणाऱ्या ठिपक्याच्या स्पष्टीकरणाला आणि १ पत्राला द्या. ४५ मुलांचे पाच-पाचचे नऊ गट होतात. दर दोन आठवड्यांनी कामं फिरवा, नाहीतर नळी धरणारी मुलं वर्षभर नळीच धरतात आणि सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर वहीच लिहिते.

पत्र वाचून एवढं कळत नाही की तुमच्याकडे पावसाचे किती आठवडे उरलेत. चारच असतील तर माणसांशी बोलणं पुढे ढकला आणि आधी भिंतीवरचे पट्टे व बाटली उद्याच लावा. नळीचं काम, छताचं गणित आणि रस्त्याचा छेद कोरड्या दिवसांतही होतं. नोंदवही मात्र वर्ष संपल्यावर कपाटात टाकू नका. पट्टे कुठे रंगवलेत, शून्य रेघ कोणती धरली, मोजणी कुठून सुरू केली, हे पहिल्या पानावर नीट लिहून ती पुढच्या आठवीच्या हातात द्या, म्हणजे त्यांचे ठिपके तुमच्या आलेखावरच पडतील.